गरिबाघरी मुले अधिक का?

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी नोकरीत नुकताच शिरलो होतो आणि माझी नेमणूक उत्तर बिहारमधील एका जिल्ह्यात झाली होती. पुराच्या मदतीचे वाटप पाहण्यासाठी एका गावी गेलो असता, कुटुंबांची नोंद घेणाऱ्या कारकुनाच्या शेजारी मी उभा होतो. एका बाईची पाळी आली. वय तिशीच्या आतबाहेर असावे, पण दिसण्यात पन्नाशीची. ‘मुले किती?’ असे विचारताच तिने उलट विचारले, ‘हाकीम, झाली किती ते सांगू, की आहेत किती ते सांगू?’ झाली होती सात. आणि होती चार. अर्थशास्त्राची पदवी मी नुकतीच पदरात पाडून घेतली होती. तिला तेथल्या तेथे लहान कुटुंबाचे महत्त्व मी समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. तिच्या प्रश्नातच माझ्या व्याख्यानाचे उत्तर दडलेले होते, हे ध्यानी येण्यास मला पुष्कळ वर्षे लागली.

श्रोतेहो, हा प्रश्न एका गावापुरता नाही. पश्चिम आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या कडेला नायजर नावाचा देश आहे. जगातील अगदी दरिद्री देशांत त्याची गणना होते. तेथील स्त्रीला आयुष्यात सरासरीने सहाच्या आसपास मुले होतात. २०१२ सालच्या पाहणीत तर हा आकडा साडेसातांच्या वर होता. दुसऱ्या टोकाला दक्षिण कोरिया हा संपन्न देश. तेथे २०२३ साली हेच प्रमाण ०.७२ इतके खाली आले, म्हणजे शंभर स्त्रियांमागे बहात्तर मुले! ज्याच्या घरी दूधभात आहे त्याचा पाळणा रिकामा, आणि ज्याच्या घरी चुलीला विस्तव नाही त्याच्या पाळण्याला विसावा नाही, असा हा प्रकार आहे. याचे चटकन सुचणारे उत्तर असे की गरीब लोक अडाणी असतात, त्यांना पुढचा विचार नसतो. आपल्या मध्यमवर्गीय बैठकींतून हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि एके काळी स्वतःही इतक्या वेळा दिले आहे, की आज त्याचा हिशेब चुकता करावा असे वाटते.

प्रथम आकड्यांविषयी एक खुलासा केला पाहिजे. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किती जन्म होतात, याला साधा जन्मदर म्हणतात. तो फसवा असतो. ज्या देशात तरुण माणसे अधिक, तेथे प्रत्येक जोडप्याला दोनच मुले झाली तरी पाळणे पुष्कळ हलणारच. म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ एकूण जननदर पाहतात. आजच्या घडीला निरनिराळ्या वयांच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले होत आहेत, त्याच प्रमाणात एखाद्या स्त्रीला आयुष्यभर होत गेली तर ती किती होतील, याचा हा हिशेब. मी वर दिलेले आकडे याच जातीचे आहेत. हा दर २.१ च्या आसपास असला म्हणजे आईबापांची जागा मुले भरून काढतात. दोनावरचा तो एक-दशांश अशासाठी, की जन्मलेल्या मुलींपैकी काही आई होण्यापूर्वीच दगावतात, आणि निसर्गतः मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात. १९५२ साली आपल्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा भारताचा हा दर सहाच्या जवळ होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो २.० निघाला. पण ही सरासरी होय. त्याच पाहणीत गोव्याचा दर १.३ आणि बिहारचा ३.० होता. देशादेशांतील अंतराचे एक छोटे चित्र आपल्या घरातच आहे.

संपत्ती वाढली की मुले कमी होतात, हे पूर्वीच्या पंडितांना मुळीच अपेक्षित नव्हते. १७९८ साली माल्थसने आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा त्याचे म्हणणे असे की माणसाला पोटभर अन्न मिळू लागले की तो लवकर लग्न करील, मुले वाढतील, आणि पुन्हा अन्न अपुरे पडेल. (हे माल्थससाहेब १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील विद्यालयात अध्यापक होते. हिंदुस्थानात येणारे मुलकी अधिकारी त्यांच्यापुढे बसून अर्थशास्त्र शिकले. म्हणजे आमच्या खात्याच्या पूर्वजांचे ते गुरुजी! दुष्काळाकडे निसर्गाचा अटळ न्याय म्हणून पाहण्याची गेल्या शतकांतील काही अधिकाऱ्यांची वृत्ती त्याच वर्गातून आली, असे काही इतिहासकार म्हणतात.) प्रत्यक्षात घडले ते उलटे. ज्या इंग्लंडमध्ये त्याने हे लिहिले, तेथेच १८७० नंतर कुटुंबे आक्रसू लागली. त्या दशकात तेथील स्त्रीला पाचाच्या जवळपास मुले होत. १९३० च्या पुढे ती दोनाहूनही कमी झाली.

असे का व्हावे? त्या बिहारी बाईच्या प्रश्नापासूनच आरंभ करू. माझी आजी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात नांदली. तिला नऊ बाळंतपणे झाली, आणि पाच मुले हाताशी लागली. गेलेल्या चौघांची नावे ती आम्हाला कधी सांगत नसे. मात्र आखाजीला पितरांचे पान वाढताना तिचे ओठ हलत. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १४६ मुले वर्षाची होण्यापूर्वीच जात असत. पुढच्या चार वर्षांत देवी, गोवर, हगवण आणखी वाटा उचलीत तो वेगळाच. नायजरमध्ये तर १९९० च्या सुमारासही दर तीन मुलांमागे जवळजवळ एक मूल पाच वर्षांचे होत नव्हते. अशा ठिकाणी ज्या आईबापांना म्हातारपणी निदान दोन मुलगे जवळ असावेत असे वाटते, त्यांनी किती मुलांना जन्म द्यावा? शेतकरी पेरताना दाणे मोजून पेरीत नाही. पाखरांचा आणि किडीचा वाटा तो आधीच धरतो. त्यात शरीरधर्माचीही भर पडते. अंगावर पिणारे मूल असेपर्यंत आईला पुन्हा दिवस राहण्याचा संभव कमी असतो. ते मूल गेले की हा आडोसा जातो, आणि वर्षाच्या आत दुसरे बाळंतपण येऊन उभे राहते. म्हणजे मृत्यू स्वतःच जन्मांची संख्या वाढवीत असतो.

मग मुले जगू लागली की जन्म लगेच कमी होतात काय? नाही. आणि येथेच पुष्कळांची गल्लत होते. लस, स्वच्छ पाणी आणि औषध यांनी मृत्यू दहा-पंधरा वर्षांत निम्म्यावर येऊ शकतात. पण आपली मुले खरोखरच जगणार आहेत, हा विश्वास आकडेवारीने येत नाही. शेजारणीची, बहिणीची, स्वतःची मुले जगताना डोळ्यांनी पाहावी लागतात. त्याला बहुधा एक पिढी जाते. या मधल्या काळात जन्म पूर्वीइतके आणि मृत्यू मात्र थोडे, म्हणून लोकसंख्या भराभर वाढते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे आणि सर्व आशियात जी वाढ झाली, ती मुले अधिक जन्मल्याने झाली नाही. मरायची ती जगली, म्हणून ती झाली. ही वाढ पाहून ज्यांनी कपाळाला हात लावला, त्यांनी ही एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी होती.

परंतु बालमृत्यू हे अर्धेच उत्तर होय. नायजरमधील त्याच २०१२ च्या पाहणीत स्त्रियांना विचारले होते, की तुमच्या मनाजोगते झाले तर किती मुले असावीत? उत्तरांची सरासरी नऊच्या घरात गेली. म्हणजे नको असताना होणाऱ्या मुलांचा हा प्रश्न नव्हता. मुले हवीशीच होती. ती का हवी असतात, याचा शोध ऑस्ट्रेलियाचे लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी नायजेरियातील गावांतून राहून घेतला आणि १९७६ साली एक साधा सिद्धान्त मांडला. घरात संपत्ती कोणाकडून कोणाकडे वाहते, एवढे पाहा, असे ते म्हणतात. शेतीवर जगणाऱ्या जुन्या समाजात ती मुलांकडून आईबापांकडे वाहते. सहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेते, सरपण आणि पाणी आणते. आठ वर्षांचा मुलगा शेळ्या राखतो. बारा-चौदा वर्षांचा झाला की खाण्याहून अधिक मिळवतो. आणि पुढे म्हातारपणाची काठी तोच होतो. अशा घरात दहावे मूल हेही तोट्याचे नसते.

आपल्याकडे याचा एक विलक्षण दाखला आहे. १९५० नंतरच्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी पंजाबातील लुधियाना जिल्ह्यात संततिनियमनाचा एक मोठा प्रयोग केला. घरोघरी जाऊन गोळ्या वाटल्या, वह्या भरल्या, बैठका घेतल्या. लोकांनी गोळ्या घेतल्या; जन्मांत मात्र अपेक्षित फरक पडला नाही. पुढे १९७० साली महमूद ममदानी हे अभ्यासक त्यांतीलच मनुपूर या गावी गेले. लोकांनी त्यांना मोकळेपणी सांगितले, की आम्ही गोळ्या घेतल्या त्या केवळ पाहुण्यांचे मन मोडू नये म्हणून. एकाने तर त्या डब्या एकावर एक रचून घरात शोभेची वस्तू केली होती. ममदानींना वाटले ते दुसरेच कोणी समजून तेथील एक पाणक्या त्यांना म्हणाला, की तुम्ही लोक मला सांगत होता गरिबाला इतकी मुले पोसवणार नाहीत; आता माझे सहा मुलगे आणि दोन मुली मिळवून आणतात आणि मी घरी स्वस्थ बसतो. हे वाचताना मला माझे ते पुरातले व्याख्यान आठवते आणि कान गरम होतात.

हा प्रवाह उलटा केव्हा फिरतो? मुख्यतः शाळेने. इंग्लंडमध्ये १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १८८० साली ते सक्तीचे झाले. शाळेत जाणारे मूल शेळ्या राखीत नाही. त्याला कपडे, पाटी-पुस्तक आणि वेळेवर जेवण लागते. आणि शिकला-सवरला मुलगा शहरात गेला म्हणजे घरी पैसे धाडीलच याची खात्री नाही. मूल मिळकतीऐवजी खर्चाची बाब होते. पाच मुलांना कसेबसे वाढविण्यापेक्षा दोघांना नीट शिकवावे, हा विचार अशा वेळी कोणी न सांगता सुचतो. म्हातारपणाची काठीही हळूहळू बदलते. जर्मनीत १८८९ साली आणि इंग्लंडमध्ये १९०८ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे कायदे झाले. मुलाने करावयाचे काम थोडे सरकारने केले. ज्यांना दर महिन्याला वेतन आणि पुढे काही तरतूद आहे, अशा आम्हा नोकरदारांना एक-दोन अपत्यांवर थांबणे सोपे वाटते यात आमचा विवेक किती आणि आमचे भविष्यनिर्वाह खाते किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

याहून मोठा फरक मुलीच्या शिक्षणाने पडतो. आपल्याच २०१९-२१ च्या पाहणीत मुळीच शाळा न पाहिलेल्या स्त्रियांचा जननदर २.८ आणि बारा किंवा अधिक इयत्ता शिकलेल्यांचा १.८ होता. शाळेत असलेल्या मुलीचे लग्न पुढे जाते, म्हणून पहिले मूल उशिरा होते. ती औषधाच्या पुडीवरचे वाचते, दवाखान्यात स्वतः बोलते, म्हणून तिची मुले जगतात. ती मिळवती झाली तर मुलासाठी घरी बसण्याची किंमत वाढते. आणि मला वाटते, यांहून महत्त्वाचे असे की ‘आता पुरे’ हे शब्द सासूसमोर आणि नवऱ्यासमोर उच्चारण्याचे बळ तिला येते.

एवढे मान्य केले म्हणजे एक कोडे सुटते. पैसा हे खरे कारण असते, तर तेलाने श्रीमंत झालेल्या सौदी अरेबियात मुले कमी व्हावयास हवी होती. १९८० च्या सुमारास तेथील जननदर सातांच्या घरात होता. तिजोरी भरली होती, पण मुलीची शाळा आणि तिचा उंबरठ्याबाहेरचा वावर यांत अद्याप फारसे पालटले नव्हते. उलट केरळ पाहा. १९८० नंतरच्या दशकात केरळचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून खाली होते. तरी त्या दशकाच्या अखेरीस त्याचा जननदर दोनाच्या आसपास आला. पंजाबसारख्या सधन राज्याला तेथे पोहोचण्यास अधिक काळ लागला. शाळा आणि दवाखाना ही दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर होती, एवढेच केरळचे वैभव.

बांगलादेशाची कथा तर मला सर्वांत शिकवणारी वाटते. १९७१ च्या युद्धानंतर त्या देशाविषयी कोणी आशा धरीत नव्हते. १९७५ च्या सुमारास तेथील स्त्रीला सहाहून अधिक मुले होत. १९९३-९४ च्या पाहणीत हे प्रमाण ३.४ वर आले, आणि त्या वेळीही तो जगातील निर्धन देशांपैकीच एक होता. कारखाने, तेल, खाणी यांपैकी काहीच हाताशी नव्हते. होते काय? गावच्याच शिकलेल्या बाया गोण्यातून साधने घेऊन दारोदार जात, कारण पडद्यातील स्त्रीला दवाखान्यात जाणे कठीण होते. मतलब या भागात १९७७ पासून अशा बाया दर पंधरवड्याला घरी येत. १९८० नंतरच्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या स्त्रियांनी एक कोटीहून अधिक घरांत जाऊन आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे मिश्रण करण्यास शिकविले. हगवणीने जाणारे मूल त्यामुळे वाचू लागले. पुढे १९९४ पासून माध्यमिक शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलींना देशभर विद्यावेतन मिळू लागले. हे सर्व एका मुस्लिमबहुल देशात घडले. त्याच धर्माच्या इराणात १९८९ नंतर गावोगावच्या आरोग्यगृहांतून सल्ला व साधने मिळू लागली, आणि मुली शाळेत लोटल्या; सहाच्या पुढे असलेला दर २००० च्या सुमारास दोनावर आला. जननदराला धर्म चिकटविणाऱ्यांनी हे दोन नकाशे जवळ ठेवावेत.

प्रत्येक देश या गणितात बसतो असे मात्र नाही. फ्रान्समध्ये यंत्रयुग येण्याआधीच, अठराव्या शतकाच्या अखेरीस, शेतकऱ्यांची कुटुंबे लहान होऊ लागली होती, आणि त्याच्या कारणांवर विद्वान अजून भांडत आहेत.

साधने मिळणेही अर्थात महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये १८७७ साली संततिनियमनावरील एक पुस्तिका छापल्याबद्दल चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांच्यावर खटला झाला. त्याच बेझंटबाई पुढे आपल्या देशात येऊन काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, मृत्यू येईतो, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. स्त्रीला मूल नको असताना ते तिच्यावर लादले जाऊ नये, हा त्यांचा आग्रह लोकसंख्येच्या आकड्यांशी नव्हे, तिच्या सुखाशी निगडित होता. आजही हा प्रश्न संपलेला नाही. सर्व नको असलेले जन्म टळले असते, तर भारताचा जननदर २.० ऐवजी १.६ असता, असे त्या पाहणीतच म्हटले आहे.

पण साधन देणे निराळे आणि लादणे निराळे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना, माझ्यासारख्या अधिकाऱ्यांना उद्दिष्टे नेमून दिलेली होती. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ज्या सरकारचे प्रतिनिधी १९७४ साली बुखारेस्टच्या जागतिक परिषदेत, विकास हेच संततिनियमनाचे उत्तम साधन, असे सांगून आले होते, त्याच सरकारने दोन वर्षांत हे केले. परिणाम काय झाला? १९७७ मध्ये सरकार पडले, कार्यक्रमाचे नाव बदलून कुटुंबकल्याण ठेवावे लागले, आणि पुरुषांच्या मनात जी धास्ती बसली ती कायमची. २०१९-२१ मध्ये नसबंदी झालेल्या स्त्रिया शेकडा ३८ च्या आसपास, तर पुरुष शेकडा अर्धादेखील नाहीत. ज्यांच्यावर जबरदस्ती झाली ते बाजूला झाले आणि सगळा भार बायकांच्या अंगावर आला. आमच्या सेवेतील दप्तरांत जी पाने मला लाजिरवाणी वाटतात, त्यांत ही पहिली.

आता कोरियाकडे वळू. १९६० साली तेथील स्त्रीलाही सहाच मुले होत, आणि देश आपल्याहून फारसा सधन नव्हता. १९८३ च्या सुमारास दर दोनावर आला, आणि तेथे न थांबता उतरतच राहिला. मूल हे खर्चाची बाब झाले, हे खरे. तेथे ती एवढी मोठी झाली की खाजगी शिकवण्या, महागडे घर आणि कचेरीतील लांबलचक तास यांच्यापुढे तरुण जोडपी हात टेकतात. त्यातून बायको नोकरी करू लागली तरी घरकाम तिचेच राहिले. अनेक वर्षे सरकार बक्षिसे व भत्ते देत आहे. २०२४ साली दर किंचित चढून ०.७५ झाला. ‘पुरे’ म्हणावयास शिकलेल्या स्त्रीला पैशाने ‘आणखी’ म्हणावयास लावणे फार अवघड दिसते. महाराष्ट्राचा दरही २०१९-२१ मध्ये १.७ होता, तेव्हा ही गोष्ट परक्या देशाची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

बिहारचे मात्र अजून निराळे आहे. २००६ साली तेथील सरकारने शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली, तेव्हा आम्हा काही अधिकाऱ्यांना ती निवडणुकीची युक्ती वाटली होती. पुढे धुक्यातून बांधावरून निळ्या गणवेशातील मुलींच्या रांगा जाताना पाहिल्या आणि आम्ही गप्प झालो. २००५-०६ मध्ये बिहारचा जननदर ४.० होता, २०१९-२१ मध्ये ३.० झाला. त्याच काळात पाच वर्षांच्या आत दगावणारी मुले हजारी ८५ वरून ५६ वर आली. काही दिवसांपूर्वी त्याच बाजूला जाण्याचा योग आला. एका अंगणवाडीत नोंदवही चालू होती, आणि सायकलीच्या पिढीतील असावी अशी एक तरुण आई समोर बसली होती. सेविकेने ‘मुले किती?’ असे विचारले. ती ‘दोन’ म्हणाली, आणि थोडे थांबून, ‘एक गेली.’ सेविकेने रकाना बदलला. हजारी ५६ म्हणजे अजूनही दर अठरांत एक.